डेटाबेस सर्व्हर चालू होताच पडतोय आणि लॉग म्हणतोय फाईल सापडत नाही, मग काय करायचं

वाशीच्या एपीएमसीतला गाळा असो, वागळे इस्टेटमधलं वर्कशॉप असो नाहीतर महापे एमआयडीसीतली वीसेक माणसांची कंपनी, पावसाळ्यात तक्रार ठरलेली असते, रात्री लाईट गेली होती आणि सकाळपासून सॉफ्टवेअर उघडत नाहीये. सॉफ्टवेअर म्हणजे बिलिंग, स्टॉक नाहीतर पगाराचं काहीतरी, त्याच्या मागे मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी किंवा पोस्टग्रेस किंवा एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस असा एखादा डेटाबेस सर्व्हर बसलेला असतो, त्याची सर्व्हिस स्टार्ट केली की दोन सेकंद चालू दिसते आणि परत पडते. लॉग, म्हणजे सर्व्हर काय घडलं ते लिहून ठेवतो ती फाईल, उघडला की कुठेतरी लिहिलेलं असतं की अमुक फाईल सापडली नाही. मग शेठचा एखादा हुशार पुतण्या रिइन्स्टॉल मारतो. क्रॅशने जेवढं नुकसान केलेलं नसतं तेवढं ते रिइन्स्टॉल करून ठेवतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की सर्व्हर "फाईल नाही" म्हणाला म्हणून फाईल गेलीच असं धरून चालू नका. बऱ्याच केसमध्ये फाईल जागेवरच असते, सर्व्हर भलतीकडे शोधत असतो, किंवा डिस्कच लागलेली नसते, किंवा त्याला आत जायची परवानगी नसते. आणि खरंच गेली असेल तर मग बघायचं की ही फाईल परत बनू शकणारी आहे का तिच्यात धंद्याचा डेटा आहे. या क्रमाने गेलात तर अर्ध्या तासात बहुतेक वेळा उलगडा होतो. (फाईलींची आणि कमांडची नावं इथे आपण बोलतो तशी लिहिलीयत, टाईप करताना अर्थात इंग्रजीत.)

हात लावायच्या आधी

पहिलं काम म्हणजे सारखं सारखं स्टार्ट बटण दाबणं बंद करा. हे नुसतं सांगायचं म्हणून सांगत नाहीये. एसक्यूएल सर्व्हर प्रत्येक स्टार्टला नवीन एररलॉग फाईल बनवतो आणि जुन्या फक्त ६ ठेवतो, म्हणजे तुम्ही वैतागून सात-आठ वेळा स्टार्ट मारलंत की पहिल्यांदा नेमकं काय झालं ते ज्या लॉगमध्ये होतं तो लॉगच उडाला. लिनक्सवर सर्व्हिसेस सांभाळणारं सिस्टिमडी बऱ्याचदा आपोआप रिस्टार्ट करत राहतं, ते सिस्टिमसीटीएल स्टॉप करून थांबवा, डॉकर (सर्व्हर बंद डब्यासारख्या कंटेनरमध्ये चालवायची सोय) असेल तर कंटेनरची रिस्टार्ट पॉलिसी बंद करा.

दुसरं, अख्ख्या डेटा फोल्डरची कॉपी दुसऱ्या डिस्कवर घ्या, आहे त्या स्थितीत, मोडकी तर मोडकी. लिनक्सवर सीपी डॅश ए वापरा म्हणजे परवानग्या आणि सिमलिंक (दुसऱ्या जागेकडे बोट दाखवणारे शॉर्टकट) तशाच येतात. जागा नाही म्हणून कॉपी न घेता पुढे जायचा मोह होतो, तेव्हा खाली जाऊन दोन टीबीची बाहेरची डिस्क घेऊन या, शेठला बिल लावा, पण कॉपी घ्या. पुढे जे काही प्रयोग करायचे ते कॉपी हातात असतानाच.

आणि एक वेगळी केस, जी फार कमी लोकांना माहीत असते. लिनक्सवर सर्व्हर चालू असताना कोणी आरएम ही डिलीटची कमांड मारून डेटा फाईल उडवली असेल आणि सर्व्हर अजून जिवंत असेल, तर काय वाट्टेल ते झालं तरी रिस्टार्ट करू नका! लिनक्समध्ये फाईलचं नाव गेलं तरी कुठल्यातरी प्रोसेसने ती उघडी धरली असेल तोपर्यंत आतला डेटा डिस्कवरच असतो. एलएसओएफ प्लस एल१ ही कमांड चालवली की अशा डिलीट झालेल्या पण उघड्या फाईलींची यादी येते, आणि प्रॉक फोल्डरात त्या प्रोसेसच्या नंबराखाली एफडी नावाच्या फोल्डरात त्या दिसतात, तिथून सीपी करून बाहेर काढता येतात. मायएसक्यूएल असेल तर ॲप बंद करा, फ्लश टेबल्स विथ रीड लॉक द्या, शो इंजिन इनोडीबी स्टेटसमध्ये (इनोडीबी म्हणजे मायएसक्यूएलचा डेटा साठवणारा भाग) मॉडिफाईड पेजेस शून्य होईपर्यंत थांबा आणि मग कॉपी करा, मालकी मायएसक्यूएल युजरच्या नावाने लावा. शिवाय जमेल तेवढा डम्पही (डेटाची टेक्स्टमध्ये काढलेली प्रत) त्याच वेळी काढून घ्या. सर्व्हर बंद झाला की हा रस्ता बंद, मग फक्त बॅकअप.

लॉग कुठे असतो

मायएसक्यूएलचा लॉग उबुंटूवर व्हार-लॉग-मायएसक्यूएल मध्ये एरर डॉट लॉग नावाने, रेडहॅट घराण्यात व्हार-लॉग मध्ये मायएसक्यूएलडी डॉट लॉग. विंडोजवर डेटा फोल्डरातच कॉम्प्युटरच्या नावाची डॉट ईआरआर फाईल असते, आणि झॅम्प (वेबसर्व्हर, मायएसक्यूएल वगैरेचं एकत्र पॅकेज) वापरत असाल तर झॅम्पच्या मायएसक्यूएल-डेटा मध्ये मायएसक्यूएल-एरर डॉट लॉग. झॅम्पच्या कंट्रोल पॅनेलवर जे लाल अक्षरात येतं की मायएसक्यूएल शटडाऊन अनएक्स्पेक्टेडली, पोर्ट ब्लॉक असेल, डिपेन्डन्सी नसेल, परवानगी नसेल, क्रॅश असेल, ते वाचून काही कळत नाही कारण त्यात जगातली सगळी कारणं एकत्र लिहिलीयत. खरा लॉग उघडा.

पोस्टग्रेसमध्ये एक गंमत आहे. डेबियन-उबुंटूवर सिस्टिमसीटीएल स्टेटस पोस्टग्रेसक्यूएल केलं की हिरवं ॲक्टिव्ह दिसतं, पुढे कंसात एक्झिटेड, आणि लोक म्हणतात सर्व्हर तर चालू आहे. ती नुसती वरची छत्री सर्व्हिस आहे, खरा क्लस्टर (एका डेटा फोल्डरावर चालणारा पोस्टग्रेस) खाली पडलेला असू शकतो. पीजी-एलएसक्लस्टर्स चालवा, त्यात डाऊन आहे का ऑनलाईन ते, डेटा फोल्डर कुठला आणि लॉग कुठे हे सगळं एका ओळीत मिळतं.

एसक्यूएल सर्व्हरचा एररलॉग हा इन्स्टन्सच्या, म्हणजे इन्स्टॉल केलेल्या त्या सर्व्हरच्या, लॉग फोल्डरात असतो, त्याला एक्स्टेन्शन नसतं, नोटपॅडमध्ये उघडतो. आणि एररलॉगच बनत नसेल तर इव्हेंट व्ह्यूअर बघा, तिथे १७०५८ नंबरचा इव्हेंट दिसला तर लॉगचा फोल्डरच गायब आहे किंवा त्यात लिहायची परवानगी नाही, तेवढ्या एका कारणानेही अख्खा सर्व्हर चालू होत नाही.

लॉग वाचताना शेवटची ओळ वाचू नका, ती नुसती "थांबतोय" अशी असते. वर सरकत जा आणि पहिली एरर शोधा. खालच्या दहा एरर त्या एकीतूनच आलेल्या असतात.

नंबर बघा, इंग्रजी वाक्य नंतर

एररच्या शेजारी ऑपरेटिंग सिस्टिमचा नंबर असतो, तोच कामाचा. लिनक्सवर २ म्हणजे फाईल किंवा फोल्डर नाही, १३ म्हणजे परवानगी नाही, २८ म्हणजे डिस्क भरली, ३० म्हणजे डिस्क रीड-ओन्ली झालीय. विंडोजवर २ म्हणजे फाईल नाही, ३ म्हणजे पाथच नाही, ५ म्हणजे परवानगी नाही, ३२ म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमने फाईल धरून ठेवलीय. विंडोजचे २ आणि ३ सारखे वाटतात पण फार फरक आहे, २ असेल तर फोल्डर सापडला आणि आत फाईल नाही, ३ असेल तर फोल्डर किंवा ड्राईव्हच नाही, म्हणजे बहुतेक डी ड्राईव्हचा ई झालाय. कोणीतरी बाहेरची डिस्क लावून पीसी चालू केला की अक्षरं इकडची तिकडे होऊ शकतात. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन अक्षर परत द्या, सर्व्हिस स्टार्ट करा, विषय संपला.

३२ आला तर जवळजवळ नक्की अँटिव्हायरस किंवा बॅकअपचं सॉफ्टवेअर. आणि २ आला तर अँटिव्हायरसचं क्वारंटाईनही उघडून बघा, फाईल तिथे बसलेली असू शकते.

लिनक्सवर १३ आला आणि तुम्ही एलएस करून बघितलंत, फाईल आहे, मालकीही बरोबर आहे, तर तुम्ही रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेला युजर, म्हणून बघताय हे लक्षात घ्या. सुडो डॅश यू मायएसक्यूएल लावून त्याच युजरच्या नावाने एलएस करा. नेमआय डॅश एल आणि पुढे पूर्ण पाथ दिला की वाटेतल्या प्रत्येक फोल्डरची परवानगी दिसते, मधल्याच एखाद्या फोल्डरला दार लावलेलं असतं. तेही ठीक असेल तर उबुंटूवर ॲपआर्मर आणि रेडहॅटवर एसईलिनक्स हे सुरक्षेचे पहारेकरी अडवत असतील. डेटा नवीन डिस्कवर हलवला, कॉन्फिगमध्ये पाथ बदलला, पण ॲपआर्मरला सांगितलंच नाही, मग तो सर्व्हरला त्या फोल्डरात जाऊच देत नाही. एसईलिनक्सला सिमॅनेज एफकॉन्टेक्स्टने मायएसक्यूएलडी-डीबी-टी हा टाईप द्यायचा आणि रिस्टोरकॉन चालवायचं. एसईलिनक्स कायमचा बंद करून टाका असं सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. मारियाडीबीच्या सर्व्हिस फाईलमध्ये तर प्रोटेक्टहोम चालू असतं, त्यामुळे डेटा होम फोल्डरात ठेवला तर सर्व्हरला तो दिसतच नाही, परवानग्या ७७७ केल्या तरी.

सर्व्हर नक्की कुठे शोधतोय

तुम्हाला वाटतं डेटा अमुक फोल्डरात आहे, पण सर्व्हरला काय वाटतं ते विचारा. मायएसक्यूएलमध्ये माय-प्रिंट-डिफॉल्ट्स मायएसक्यूएलडी चालवलं की कुठल्याही कॉन्फिगमधून आलेली डेटाडिर, म्हणजे डेटा फोल्डरचा पाथ, दिसते. एसक्यूएल सर्व्हरला कॉन्फिगरेशन मॅनेजरमध्ये स्टार्टअप पॅरामीटर्स बघा, डॅश डी पुढे मास्टर डॉट एमडीएफचा पाथ, डॅश एल पुढे त्याचा लॉग आणि डॅश ई पुढे एररलॉग.

विंडोजवरच्या माय डॉट आयएनआयमधली एक खोड सांगतो, ती भल्याभल्यांना फिरवते. पाथ लिहिताना एकेरी बॅकस्लॅश टाकला आणि त्याच्या पुढचं अक्षर लहान लिपीतलं एस आलं तर मायएसक्यूएल त्याला स्पेस समजतो, एन आलं तर नवीन ओळ, टी आलं तर टॅब. म्हणजे डी ड्राईव्हवर एसक्यूएलडेटा नावाचा फोल्डर बनवून तो पाथ लिहिलात तर सर्व्हर क्यूएलडेटा शोधत बसणार, पुढे एक स्पेस लावून. फाईल तुमच्या समोर, सर्व्हर म्हणतो नाही. पुढे झुकलेला साधा स्लॅश वापरा नाहीतर बॅकस्लॅश दोनदा टाका. तीच फाईल नोटपॅडमधून यूटीएफ-८ विथ बॉम म्हणून सेव्ह झाली तरी पहिल्याच ओळीवर रडतो, अँसी म्हणून सेव्ह करा.

डिस्क लागलीय का हे लिनक्सवर एलएसबीएलके आणि फाईंडएमएनटीने बघा. डेटा वेगळ्या डिस्कवर असेल आणि रिबूटनंतर ती माऊंट झाली नसेल, म्हणजे फोल्डरला जोडली गेली नसेल, तर माऊंटच्या जागी रिकामा फोल्डर दिसतो. इथे मोठा धोका आहे! रिकामा फोल्डर दिसला की काही सेटअप स्वतःहून नवा कोरा डेटाबेस बनवतात, पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएलच्या अधिकृत डॉकर इमेज नेमकं हेच करतात. मग सर्व्हर छान चालू होतो, लॉगिनही होतं, आत एक टेबल नाही, आणि मालकाचा जीव घशात. जुना डेटा सुखरूप असतो, नुसता झाकला गेलेला असतो. डॉकर कंपोजमध्ये तर प्रोजेक्टच्या फोल्डरचं नाव बदललं तरी असं होतं, कारण व्हॉल्यूमच्या (डॉकर डेटा ठेवतो त्या जागेच्या) नावापुढे फोल्डरचं नाव लागतं आणि नवीन नावाने नवीन रिकामा व्हॉल्यूम बनतो. डॉकर व्हॉल्यूम एलएस करा, जुना तिथेच पडलेला दिसेल.

पुन्हा असं होऊ नये म्हणून एफएसटॅबमध्ये (बूटला कुठल्या डिस्क जोडायच्या त्याची यादी) डिस्कचं एसडीबी असं नाव न देता यूयूआयडी, म्हणजे तिचा न बदलणारा ओळख नंबर, द्या आणि सर्व्हिसच्या ओव्हरराईडमध्ये रिक्वायर्स-माऊंट्स-फॉर ही ओळ टाका, म्हणजे डिस्क लागल्याशिवाय डेटाबेस सुरूच होणार नाही.

मायएसक्यूएल आणि मारियाडीबी

सगळ्यात सोपी केस म्हणजे व्हार-रन-मायएसक्यूएलडी फोल्डर गायब. सॉकेट आणि पीआयडी फाईल तिथे बनते, आणि ही जागा मेमरीत असते, रिबूट झाला की पुसली जाते. एमकेडिर करा, मालकी मायएसक्यूएलला द्या, चालू होईल, आणि कायमचं हवं असेल तर टेम्पफाईल्स डॉट डी मध्ये एक ओळ टाका. यात डेटाचा काही संबंध नाही, घाबरू नका.

दुसरी केस बिनलॉगची, म्हणजे डेटातल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या फाईलींची. डिस्क भरली म्हणून कोणीतरी बिनलॉगच्या जुन्या फाईली हाताने उडवल्या, पण बिनलॉग डॉट इंडेक्स या साध्या टेक्स्ट फाईलमध्ये त्यांची नावं तशीच राहिली, आता सर्व्हर चालू होताना त्यातली फाईल शोधतो आणि नाही मिळाली की पडतो. इंडेक्सची कॉपी काढून ठेवा, ज्या फाईली खरंच नाहीत त्यांच्या ओळी काढा, स्टार्ट करा. रेप्लिका (डेटाची नक्कल ठेवणारा दुसरा सर्व्हर) असेल तर ती कुठपर्यंत आली होती ते आधी बघा नाहीतर ती नव्याने बसवावी लागेल. पुढच्या वेळी पर्ज बायनरी लॉग्स वापरा. मायएसक्यूएल ८.० मध्ये बिनलॉग डिफॉल्ट ३० दिवस राहतात, जागा कमी असेल तर ती मुदतच कमी करा.

झॅम्पवाल्यांसाठी वेगळं, कारण ठाण्यात कॉलेजच्या प्रोजेक्टपासून छोट्या दुकानांपर्यंत ते सगळीकडे आहे आणि खरं तर ते रोजच्या धंद्यासाठी बनवलेलंच नाही. झॅम्पमध्ये २०१५ पासून मायएसक्यूएलच्या नावाखाली मारियाडीबी येतो. लॉगमध्ये आरिया इंजिन (मारियाडीबीचा डेटा साठवणारा एक भाग) चालू झालं नाही असं दिसलं तर डेटा फोल्डरातल्या आरिया-लॉग-कंट्रोल आणि आरिया-लॉगच्या नंबरवाल्या फाईलींची नावं बदला, डिलीट नको, नुसतं मागे ओल्ड लावा, आणि मायएसक्यूएल नावाच्या आतल्या फोल्डरातल्या एमएआय फाईलींवर आरिया-चेक डॅश आर चालवा. बऱ्याचदा एवढ्यात काम होतं. नाहीच झालं तर डेटा फोल्डरचं नाव डेटा-ओल्ड करा, शेजारच्या बॅकअप फोल्डरची कॉपी करून तिला डेटा नाव द्या, मग डेटा-ओल्डमधून फक्त तुमच्या स्वतःच्या डेटाबेसचे फोल्डर आणि आयबीडेटा१ ही फाईल नव्या डेटामध्ये आणा. मायएसक्यूएल, परफॉर्मन्स-स्कीमा, पीएचपीमायॲडमिन हे फोल्डर आणू नका. चालू झाल्यावर लॉगमध्ये सिक्वेन्स नंबर भविष्यातला आहे अशा वॉर्निंग येतील कारण आयबीडेटा१ जुनी आणि लॉग नवीन असा जोड झालाय, म्हणून त्याच्यावर काम सुरू करू नका, लगेच डम्प काढा आणि कोऱ्या इन्स्टॉलमध्ये भरा.

बऱ्याच व्हिडिओंमध्ये सांगतात की आयबीडेटा१ डिलीट करा, सर्व्हर चालू होतो. हो, जुन्या व्हर्जनमध्ये चालू होतो, कारण तो नवीन कोरी आयबीडेटा१ बनवतो, आणि मग प्रत्येक टेबल उघडताना म्हणतो की हे टेबल इंजिनमध्ये नाहीच. ती फाईल म्हणजे इनोडीबीची वहीच आहे, कुठलं टेबल कुठे हे तिच्यात नोंदलेलं. ती गेली आणि बॅकअप नसेल तर एकच आशा राहते, प्रत्येक टेबलची वेगळी आयबीडी फाईल. मायएसक्यूएल ५.६ पासून हे डिफॉल्ट आहे त्यामुळे बहुतेकांकडे असते. त्याच व्हर्जनचा दुसरा सर्व्हर उभा करा, टेबलची रचना जशीच्या तशी बनवा, ऑल्टर टेबल डिस्कार्ड टेबलस्पेस, मग जुनी आयबीडी फाईल तिथे ठेवा आणि इम्पोर्ट टेबलस्पेस. एकेका टेबलला हे करायचं, वेळखाऊ आहे पण डेटा येतो. टेबलची रचना सॉफ्टवेअर बनवणाऱ्याकडून मागा, त्याच्याकडे इन्स्टॉलची स्क्रिप्ट असतेच.

मायएसक्यूएल ८.० मध्ये टेबलची रचना ठेवणाऱ्या एफआरएम फाईली गेल्या आणि सगळी डिक्शनरी मायएसक्यूएल डॉट आयबीडी या एका फाईलमध्ये आली, तीही तितकीच महत्त्वाची. रीडू लॉग आधी आयबी-लॉगफाईल० आणि १ अशा नावाने असायचे, ८.०.३० पासून हॅश-इनोडीबी-रीडू फोल्डरात गेले. नावात लॉग आहे म्हणून साफसफाईत उडवू नका, लाईट गेली तेव्हा जे व्यवहार डेटा फाईलींपर्यंत पोचले नव्हते ते तिथेच असतात.

इनोडीबी-फोर्स-रिकव्हरी हा डेटा मोडका असतानाही सर्व्हर जबरदस्तीने उठवणारा ऑप्शन १ पासून ६ पर्यंत आहे. १ पासून सुरू करा, एकेक वाढवा, चालू झाला की डम्प काढा. ४ आणि त्याच्या पुढे डेटा कायमचा खराब होऊ शकतो, म्हणून ते फक्त कॉपीवर. थेट ६ टाकणारे लोक मी बघितलेत, असो.

पोस्टग्रेस

पोस्टग्रेसची एक विचित्र सवय आहे, त्याला काही रिकामे फोल्डरसुद्धा जागेवर लागतात. पीजी-नोटिफाय, पीजी-टीबीएलस्पीसी, पीजी-टूफेज, पीजी-रेप्लस्लॉट, पीजी-स्नॅपशॉट्स असे. यातला एखादा नसला की चालू होताना पडतो. २०१४ मध्ये मॅकवर योसेमिटी अपडेट आलं तेव्हा त्याने असे रिकामे फोल्डर उडवले होते आणि जगभरच्या डेव्हलपरांचे पोस्टग्रेस बंद पडले होते. तसंच कोणी डेटा फोल्डर गिटमध्ये टाकून दुसऱ्या मशीनवर ओढला तर तेच होतं कारण गिट रिकामे फोल्डर ठेवतच नाही. लॉगमध्ये ज्याचं नाव येईल तो एमकेडिर करा, मालकी पोस्टग्रेस युजरला, परवानगी ७००, परत स्टार्ट, पुढचं नाव येईल, तोही बनवा. पण एक बघा, फोल्डर रिकामाच असायला हवा होता ना? पीजी-टीबीएलस्पीसी मध्ये तुमचे टेबलस्पेस (डेटा फोल्डरच्या बाहेर ठेवलेला डेटा) असतील तर तिथे सिमलिंक होत्या, त्या परत जोडाव्या लागतील.

कॉन्फिग फाईल सापडत नाही असं म्हणत असेल तर डेबियनवर ती डेटाबरोबर नसते, ईटीसी-पोस्टग्रेसक्यूएल खाली असते. बॅकअपवाल्याने व्हार-लिब घेतलं आणि ईटीसी सोडलं की ही एरर येते. पीजी-एचबीए डॉट कॉन्फ नसेल तरीही चालू होत नाही. दोन्ही साध्या टेक्स्ट फाईली आहेत, नवीन क्लस्टर बनवून तिथून घ्या आणि आयपी वगैरे बदला. आणि स्नेकऑईल सर्टिफिकेट सापडत नाही असं आलं तर मेक-एसएसएल-सर्ट ने ते परत बनवा, डेटाशी त्याचा काही संबंध नाही.

आता जड प्रकार. ग्लोबल-पीजी-कंट्रोल नसेल, किंवा पीजी-वॉल (वॉल म्हणजे बदलांची आगाऊ नोंद) मधल्या फाईली नसतील आणि चेकपॉईंट रेकॉर्ड सापडत नाही म्हणत असेल. पीजी-वॉलला आधी पीजी-एक्सलॉग म्हणायचे आणि पीजी-एक्सॅक्टला पीजी-सीलॉग, लोक लॉग समजून उडवायचे म्हणून २०१७ साली १० व्हर्जनमध्ये नावंच बदलली. वॉल गेला असेल तर पहिला पर्याय बॅकअप, दुसरा पीजी-रीसेटवॉल, तोही कॉपीवर आणि आधी डॅश एन लावून, म्हणजे तो काय करणार आहे ते नुसतं दाखवतो. त्याने सर्व्हर चालू झाला तरी आतले व्यवहार अर्धवट असू शकतात, त्यामुळे डम्प काढा, इनिटडीबीने नवा कोरा क्लस्टर बनवा आणि त्यात भरा. तोच क्लस्टर पुढे वापरत राहू नका.

एसक्यूएल सर्व्हर

इथे चार फाईलींची ओळख असली की पुरे. टेम्पडीबी (तात्पुरत्या कामाचा डेटाबेस) प्रत्येक स्टार्टला नव्याने बनतो, त्यामुळे त्याची फाईल गेली तर काही फरक पडत नाही, पण ज्या फोल्डरात बनायचा तो फोल्डर किंवा ड्राईव्ह नसेल तर सर्व्हर पडतो, एरर ५१२३ आणि सोबत ऑपरेटिंग सिस्टिमचा ३. सोपा इलाज म्हणजे तोच फोल्डर परत बनवा आणि सर्व्हिसच्या अकाऊंटला त्यात लिहायची परवानगी द्या. ड्राईव्हच गेला असेल तर नेट स्टार्टला स्लॅश एफ आणि स्लॅश टी३६०८ लावून कमीत कमी मोडमध्ये उठवा, एसक्यूएलसीएमडीने शिरा आणि ऑल्टर डेटाबेस टेम्पडीबी मॉडिफाय फाईल करून नवीन पाथ द्या, टेम्पडेव्ह आणि टेम्पलॉग दोन्हींना. या मोडमध्ये एकच कनेक्शन मिळतं, आणि ते एकच कनेक्शन काऊंटरवरचं बिलिंग सॉफ्टवेअर पळवतं, म्हणून आधी सगळे क्लायंट बंद करा.

टेम्पडीबी हा मॉडेल या नमुना डेटाबेसची नक्कल काढून बनतो, म्हणून मॉडेल नसेल तरीही सर्व्हर उठत नाही. ३६०८ लावून उठवा आणि मॉडेल बॅकअपमधून आणा, किंवा बिन खालच्या टेम्प्लेट्स फोल्डरातून कोरी मॉडेल फाईल घ्या. मास्टर गेला असेल तर सेटअपमधून रिबिल्ड-डेटाबेस करावं लागतं, त्यात लॉगिन आणि डेटाबेसची नोंद पुसली जाते, तुमच्या डेटाच्या एमडीएफ फाईली मात्र जागेवर राहतात, त्या परत अटॅच करायच्या.

आणि तुमच्या स्वतःच्या डेटाबेसची फाईल नसेल तर सर्व्हर चालू होतो, तो एकच डेटाबेस रिकव्हरी पेंडिंग दाखवतो. एलडीएफ (व्यवहारांच्या नोंदीची फाईल) गेलीय आणि सर्व्हर नीट बंद झाला होता तर अटॅच-रिबिल्ड-लॉगने जमतं. लाईट जाऊन बंद पडला असेल तर इमर्जन्सी मोड आणि रिपेअर-अलाऊ-डेटा-लॉस. नावातच लिहिलंय काय होणार ते.

ओरॅकल छोट्या गाळ्यात सापडत नाही, ऐरोली-महापेकडच्या मोठ्या कंपन्यांत भेटतो, त्यामुळे थोडक्यात. तो तीन पायऱ्यांत उठतो. नोमाऊंटला पॅरामीटर फाईल लागते, नसेल तर ओआरए-०१०७८. माऊंटला कंट्रोल फाईल, नसेल तर ००२०५. ओपनला डेटा फाईली, नसेल तर ०११५७. कुठल्या पायरीवर अडला त्यावरून काय हरवलंय ते कळतं, आणि कंट्रोल फाईलच्या दोन-तीन प्रती ठेवलेल्या असतील तर चांगली प्रत खराबच्या जागी कॉपी करून पुढे जाता येतं.

लॉगच बनला नाही तर

कधी कधी सर्व्हर इतका लवकर पडतो की लॉगमध्ये एक अक्षर नसतं. मग डेटा सोडा, प्रोग्रॅमच्याच फाईली बघा. विंडोजवर व्हीसीरनटाईम१४० किंवा एमएसव्हीसीपी१४० डीएलएल नसेल तर मायएसक्यूएल उठतच नाही, मायक्रोसॉफ्टचं व्हिज्युअल सी प्लस प्लस रिडिस्ट्रिब्युटेबल टाका. डीएलएल देणाऱ्या कुठल्यातरी साईटवरून सुटी फाईल आणू नका. लिनक्सवर एलडीडी आणि पुढे मायएसक्यूएलडीचा पाथ द्या, नॉट फाऊंड दिसलं तर ती लायब्ररी इन्स्टॉल करा, बहुतेक वेळा लिबएआयओ असते. उबुंटू २४.०४ वर तिचं पॅकेज लिबएआयओ१टी६४ झालंय आणि आतल्या फाईलचंही नाव बदललंय, त्यामुळे इन्स्टॉल करूनही जुना मायएसक्यूएल म्हणतो नाही, तिथे जुन्या नावाने सिमलिंक द्यावी लागते.

चालू झाल्यावर

लगेच बिलिंग सुरू करू देऊ नका, शेठ कितीही घाई करोत आणि बाहेर टेम्पो उभा असो. आधी पूर्ण डम्प. डम्प मध्येच तुटला तर कुठलं टेबल खराब आहे ते तिथेच कळतं. मग मायएसक्यूएलला मायएसक्यूएलचेक, एसक्यूएल सर्व्हरला डीबीसीसी चेकडीबी. शेवटची चार-पाच बिलं कागदाशी ताडून बघा. अँटिव्हायरसमध्ये डेटा फोल्डर वगळा. यूपीएस असेल तर त्याची यूएसबी केबल पीसीला लावलीय का बघा, बहुतेक ठिकाणी ती खोक्यातच असते आणि बॅटरी संपली की मशीन धाडकन बंद.

आणि फाईल खरंच गेलीय, बॅकअपही नाही, असं नक्की झालं तर त्या डिस्कवर पुढे एकही गोष्ट लिहू नका, रिकव्हरीचं सॉफ्टवेअरसुद्धा त्याच डिस्कवर टाकू नका. एसएसडी असेल तर लगेच बंद करा, ट्रिममुळे डिलीट झालेल्या जागा मागच्या मागे पुसल्या जातात. रिकव्हरीवाल्याकडे नेताना डिस्कबरोबर लॉगच्या फाईली, डेटाबेसचं नेमकं व्हर्जन आणि हव्या असलेल्या फाईलींची नावं कागदावर लिहून द्या, नाहीतर तो फोटो आणि वर्डच्या फाईली काढून देतो आणि आयबीडी, एमडीएफ मागेच राहतात.